चान्या : मृताहार, नकार आणि ताट

मराठीत पाककृतींची पुस्तके शंभर वर्षांहून अधिक काळ छापली जात आहेत. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि ते घरोघर पोचले असे आपण म्हणतो. हे ‘घरोघर’ म्हणजे कोणाचे घर, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. त्या पुस्तकांत सांडगे आहेत, कुरडया आहेत, पापड आहेत. उन्हाळ्यात वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायच्या साऱ्या जिनसा आहेत, चान्या नाहीत. महारवाड्यात आणि मांगवाड्यात दोरीवर वाळणारे मांस ही देखील वाळवणच होती. परंतु एका वाळवणीला संस्कृतीत जागा मिळाली आणि दुसरीच्या वासावरून माणसाला गावाबाहेर ठेवले गेले. ह्या दुसऱ्या वाळवणीचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. तो केवळ चवीचा इतिहास नाही. कोणाला कोणते अन्न मिळाले, ते कोणी लादले, ते कोणी नाकारले आणि आज आपल्या ताटावर सत्ता कोण सांगतो, असा हा सलग चालत आलेला प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा आरंभ मी सूर्यमाळेपासून करतो. सूर्यमाळ हे मोखाडा तालुक्यातले डोंगरावरचे गाव. शेजारी जव्हार, १९४८ पर्यंत ते संस्थान होते. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. येथली वस्ती वारली, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ढोर कोळी अशा आदिवासींची. उतारावर नाचणी आणि वरई पिकते. पीक हाती येण्यापूर्वीचे आषाढ-श्रावणाचे दिवस भुकेचे. किनाऱ्यावरून येणारी सुकट आणि वाळलेले बोंबील हाच त्या दिवसांतला कालवणाचा आधार. जव्हारमधल्या वावर-वांगणीची बालके १९९२ साली कुपोषणाने दगावली तेव्हा शहरी महाराष्ट्राला ह्या डोंगरांची भूक प्रथम वर्तमानपत्रातून कळली. डोंगराला ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती.

आता ह्या जमातींच्या नावांकडे पाहा. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत ‘ढोर कातकरी’ आणि ‘सोन कातकरी’ अशी नावे आहेत. ‘कोळी ढोर’ असेही नाव आहे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले. त्यात कातकऱ्यांची ही वाटणी गोमांस खाण्या-न खाण्यावर केलेली आहे. जो खात नाही तो सोन, म्हणजे सोन्यासारखा. जो खातो तो ढोर. ज्याने ढोराचे मांस खाल्ले त्याला ढोराचेच नाव! कातडी कमावणाऱ्या एका अस्पृश्य जातीलाही हेच नाव चिकटलेले आहे. गोऱ्या साहेबाने हे नाव शोधून काढले असे मुळीच नाही. शेजारच्या वरच्या माणसाने ते ठेवले, साहेबाने ते नोंदवहीत उतरवले आणि पुढे स्वतंत्र भारताच्या यादीतही ते तसेच राहिले. आदिवासी हा चातुर्वर्ण्याबाहेरचा आहे, त्याला जातीची झळ लागत नाही, असे सांगणाऱ्यांनी ह्या नावाचा विचार करावा. माणसाची प्रतवारी त्याच्या हंडीतल्या मांसावरून ठरवण्याचा जो नियम देशावरच्या महारवाड्याला लावला, तोच सह्याद्रीच्या डोंगरातल्या पाड्यालाही लावला गेला. म्हणून सूर्यमाळेच्या पाड्याचा आणि मराठवाड्यातल्या महारवाड्याचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे.

फरक आहे तो बंधनाचा. पाड्यावरचा माणूस रानाकडे पाहू शकत होता. महाराला गावगाड्याने वतनाच्या दाव्याला बांधले होते. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या बावन्न हक्कांत मेलेल्या जनावरावरचा हक्क हाही एक. ज्याला हक्क म्हटले ते वास्तवात वेठीचे काम होते. पाटलाचा बैल मेला की महाराने तो ओढून न्यायचा, गाव स्वच्छ ठेवायचे आणि मोबदला म्हणून तेच मढे घ्यायचे. जिवंतपणी त्या बैलाच्या शेणावरही त्याचा अधिकार नव्हता. बैल मेल्यावर मात्र तो सारा त्याचा! बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ ह्या ग्रंथात नेमके येथे बोट ठेवले आहे. गावात स्थिरावलेल्या समाजाजवळ गोधन होते, म्हणून तो ताजे मांस खाऊ शकत होता. गावकुसाबाहेरच्या पांगलेल्या माणसांजवळ काहीच नव्हते, म्हणून त्यांच्या वाट्याला मेलेल्या गाईचे मांस आले. पुढे वरच्यांनी गोमांस सोडले, ते पवित्र झाले आणि ज्यांना सोडणे परवडत नव्हते ते अस्पृश्य ठरले, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्या तपशिलावर विद्वानांनी वाद घालावा. परंतु आहार हा स्वभावातून येत नाही, तो मालमत्तेच्या वाटणीतून येतो, हा तिच्यातला विचार अजून कोणाला खोडता आलेला नाही.

जनावर एका दिवशी मरते आणि भूक रोजची असते. म्हणून चान्या. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, असेल तर मीठ-हळद लावायची आणि दोरीवर किंवा काठीवर टांगून कडक उन्हात वाळवायच्या. ओलावा गेला की मांस सडत नाही. मीठ जे काम करते तेच ऊन करते. आणि मीठ विकत घ्यावे लागते, ऊन फुकट असते. कोरड्या खडखडीत झालेल्या चान्या गाडग्यात भरून ठेवल्या की पावसाळ्याची तजवीज झाली. हे ज्ञान कुठल्या शाळेत शिकवले गेले नव्हते. कावळ्या-कुत्र्यांपासून दोरी राखत बसलेल्या बायकांनी ते टिकवले.

त्या खाण्याच्या तऱ्हाही परिस्थितीनेच ठरवल्या. सर्वांत सोपी आणि पुष्कळांच्या आवडीची तऱ्हा विस्तवाची. चानी निखाऱ्यावर टाकायची. चरबी चुरचुरू लागली की काढायची, दगडाने ठेचायची आणि मीठ-मिरचीबरोबर भाकरीवर घ्यायची. तेलाचा थेंब लागत नाही, भांडे लागत नाही. रानात कामाला गेलेल्या माणसाला तेवढे पुरते. दुसरी तऱ्हा डाळीची. चान्यांचे बारीक तुकडे धुऊन, भिजवून तुरीच्या डाळीत शिजवायचे. मांस मूठभर असते, परंतु साऱ्या डाळीला त्याची चव उतरते आणि दहा तोंडांना पुरते. तिसरी तऱ्हा पातळ कालवणाची. कांदा, लसूण, मिरची आणि दाटपणासाठी येसूर. त्यात चान्या उकळायच्या आणि भाकरी कुस्करून खायची. ताज्या जनावराच्या दिवशी वजडी, रक्ती, काळीज यांचा मान असे, चरबी वितळवून ठेवली जाई. परंतु वर्ष काढले ते चान्यांनी. ह्या प्रत्येक तऱ्हेत एकच गणित आहे : थोडे मांस, पुष्कळ माणसे. ते सोडवणारी बाई शेवटी जेवत होती, आणि पुष्कळदा तिच्या वाट्याला रस्साच उरत होता, हेही विसरता येत नाही. महारवाड्याचे दुःख सांगताना त्या दुःखाच्या आतली ही दुसरी उतरंड आपल्या पुरुषांनी फारशी सांगितलेली नाही.

असे अन्न जगात फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्रजी मुलखात ‘कॉर्न्ड बीफ’ म्हणून खारवलेले गोमांस मिळते. येथे ‘कॉर्न’ म्हणजे मिठाचा जाड खडा. सतराव्या-अठराव्या शतकांत आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून असे मांस पिंपे भरभरून निघे. ते जहाजांवर जाई आणि वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर जाई, जेथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. गुरे वाढवणारा आयरिश शेतकरी स्वतः बटाट्यावर जगत होता. त्याच खारवलेल्या मांसाचे उरलेले तुकडे चिरून, बटाटा-कांद्याबरोबर परतून जो पदार्थ होतो त्याला ‘हॅश’ म्हणतात. ते मुळात काटकसरीच्या घरातले, उरलेसुरले पुरवण्याचे अन्न. आज ते हॉटेलात सकाळच्या न्याहारीला मानाने मिळते. म्हणजे तेथेही मांस एकाचे, श्रम दुसऱ्याचे आणि भूक तिसऱ्याची होती. परंतु ते खाल्ले म्हणून कोणाची सावली विटाळली नाही. गरिबाचे अन्न गरिबी सरल्यावर सर्वांचे होऊ शकले. आपल्याकडे चानी हॉटेलात गेली नाही, कारण तिला गरिबीपेक्षा जातीचा वास अधिक येत होता.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. मळेवाल्याने टाकून दिलेली डुकराची आतडी आणि पाय शिजवून गुलामांनी जे अन्न घडवले त्याला १९६० च्या दशकात त्यांनी अभिमानाने ‘सोल फूड’, म्हणजे आत्म्याचे अन्न म्हटले. त्याच दशकात एलिजा मुहंमद यांनी हे गुलामीचे अन्न आहे, ते टाकून द्या, असे आपल्या अनुयायांना बजावले. अभिमान की नकार, हा वाद आपल्याकडे तीन दशके आधी उभा राहिला होता आणि त्याचे उत्तरही कृतीने दिले गेले होते.

ते उत्तर म्हणजे महाड. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आवाहन केले आणि नंतर चवदार तळ्याचे पाणी घेतले. मृतमांसत्याग आणि पाण्याचा हक्क एकाच परिषदेत यावेत हा योगायोग नव्हे. एका हाताने गुलामीचा घास टाकायचा आणि दुसऱ्या हाताने माणसाचा हक्क घ्यायचा, अशी ती एकच कृती आहे. गावोगावी महारांनी ढोरे ओढणे बंद केले, आणि त्यासाठी बहिष्कार, मारहाण, उपासमार सोसली. काही सनातनी पंडितांना एकाएकी महारांच्या उत्पन्नाची काळजी वाटू लागली. कातडे, शिंगे, खुरे ह्यांतून वर्षाला किती पैसा मिळतो आणि तो बुडवून महार कसे आपले नुकसान करून घेत आहेत, ह्याचा हिशेब ते मांडू लागले. एवढा फायदा आहे तर तुम्हीच ढोरे ओढा, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिले. धर्मांतरानंतर १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणातही त्यांनी ही हकीकत सांगितली. कनिष्ठ वतने तर १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. परंतु मनाने वतन त्याच्या कितीतरी आधी टाकले होते.

ह्या नकाराचा अर्थ मात्र आज सोयीने बदलला जातो. महाडचे आवाहन म्हणजे शाकाहाराचा उपदेश होता, अस्पृश्यांना शुद्ध करण्याची ती चळवळ होती, असे सांगणारे लोक आहेत. ही शुद्ध लबाडी आहे. बाबासाहेबांनी नाकारले ते मेलेले जनावर आणि त्याला जोडलेले वतन. मांस ही वस्तू त्यांनी पाप ठरवली नाही. धर्मांतराच्या बावीस प्रतिज्ञांत दारू निषिद्ध आहे. गोमांसाचा उल्लेख नाही. महाडचा नकार हा कामगाराच्या संपाच्या जातीचा आहे. त्याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतल्या ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी फटकावले तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली गुरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली आणि तुमची माता तुम्हीच उचला, असे सुनावले. महाडनंतर एकोणनव्वद वर्षांनी तोच संप!

आणि महाराष्ट्रात काय घडले? १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने गोहत्येवर बंदी होती. १९९५ साली संमत झालेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मान्यता २०१५ साली मिळाली आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तसे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्यावरची बंदी मात्र रद्द केली. म्हशीचे मांस ह्या कायद्याखाली येत नाही, म्हणून ते आज विकले जाते. ह्या इतिहासाचा उपरोध असा की, ज्यांच्या पूर्वजांना हजार वर्षे मेलेली गाय खायला भाग पाडले, त्यांना आता कापलेल्या बैलाचे मांस खाण्यास मनाई आहे. १९२७ साली आपण सोडले. २०१५ साली आपल्याला सोडायला लावले. सोडणे आणि सोडायला लावणे ह्यांत स्वातंत्र्य आणि गुलामी एवढे अंतर आहे.

मग चान्यांचे काय करायचे? आपल्यातल्या शिकलेल्या घरांनी त्या केवळ ताटातून काढल्या नाहीत, आठवणीतूनही काढल्या. ते समजण्यासारखे आहे. ज्या वासावरून शाळेत हिणवले गेले तो वास कोण जपेल? परंतु दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली हे मौन मोडले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने ते बाईच्या बाजूने मोडले. पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि पाककृती अभ्यासाचा विषय केल्या. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली, त्याच बंदीच्या वर्षी आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांचे स्वयंपाकघर प्रथमच पुस्तकात सविस्तर आले. लिहून ठेवणे म्हणजे त्या दिवसांकडे परतणे नव्हे. जुलमाचा पुरावा जपणे आणि जुलूम जपणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे काम अर्धेच झाले आहे. महारवाडा बोलला, पाडा अजून पुरता बोललेला नाही. सूर्यमाळ, मोखाडा, जव्हार येथल्या आश्रमशाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि तेथून महाविद्यालयांत आलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या आज्यांना विचारावे : आषाढात काय शिजत होते, काय वाळवून ठेवत होतात, ‘ढोर’ हे नाव तुम्ही स्वतःला कधी लावले होते का, की ते दुसऱ्याने लावले? मिळेल ते उत्तर, चव, कृती आणि अपमान यांसकट, जसेच्या तसे लिहून काढावे. आज ना उद्या ‘ढोर’ हा शब्द त्या यादीतून जाईल किंवा जमातीच तो शब्द मानाने मिरवतील. तो निर्णय त्यांचा. परंतु निर्णय घ्यायला इतिहास हाताशी हवा. दुसऱ्याने वाढलेले ताट आपण महाडला नाकारले. दुसऱ्याने ओढून घेतलेले ताट आता मागून घ्यायचे आहे. त्यात काय वाढायचे आणि काय वाढायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा.