सातबारा व फेरफार : मूळ अभिलेखावरील अद्ययावत दिनांकाचा प्रश्न

संलग्न नोंद बदलली की मूळ नोंदीवरही बदलाचा दिनांक उमटला पाहिजे, हे तत्त्व संगणकशास्त्रात माहितीसाठ्याच्या रचनेचा एक लहानसा नियम म्हणून शिकविले जाते. महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात मात्र हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. प्रस्तुत लेखात सातबारा व फेरफार नोंदवही यांच्या परस्परसंबंधातून त्याचा विचार केला आहे.

मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीने जमिनीचे क्षेत्र, आकार व सारा भरणारा खातेदार निश्चित केला. परंतु वारसा, वाटणी, गहाण यांमुळे हक्क कसे बदलत गेले, याची पुरेशी नोंद त्या कागदपत्रांत नव्हती. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न केला. १९१३ मध्ये त्यातील व्यवस्था १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात आली व पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कायम राहिली. संहितेनुसार हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांत वर्दी द्यावयाची, तलाठ्याने फेरफार नोंदवून त्याची प्रत चावडीत लावावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची आणि त्यानंतरच नोंद प्रमाणित व्हावयाची.

अशा रीतीने एका जमिनीचे दोन कागद झाले. फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, दिनांकित होता. गाव नमुना सात व बारा मिळून होणाऱ्या सातबाऱ्यावर मात्र खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात केवळ फेरफाराचा क्रमांक असे. तो बदल कधी झाला हे जाणण्यासाठी दुसरी वही उघडावी लागे. प्रमाणित न झालेल्या फेरफाराची खूण सातबाऱ्यावर पेन्सिलीने करण्याची पद्धत होती. प्रमाणन झाल्यावर ती शाईने पक्की होई. प्रस्तुत लेखकास ही पेन्सिल-नोंद फार महत्त्वाची वाटते, कारण मूळ अभिलेख बदलाच्या मार्गावर आहे, हे सांगणारी ती सातबाऱ्यावरील एकमेव खूण होती. हस्तलिखित नक्कल देताना ती उतरेलच, याची शाश्वती नव्हती. वारस म्हणून बहिणींची नावे प्रलंबित असताना भावाच्या एकट्याच्या नावाची नक्कल दाखवून जमीन विकणे त्यामुळे शक्य होई. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. गावातील व्यवहार मात्र त्याच कागदावर होत आले.

ई-फेरफार प्रणालीनंतर, २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात सुधारणा झाल्या. त्यांत शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक इतर हक्कांच्या रकान्याखाली दाखविण्याचे ठरले आणि प्रलंबित फेरफारही स्वतंत्रपणे दिसू लागले. पेन्सिलीची खूण अखेर छापील झाली, असे म्हणता येईल. तथापि हा दिनांक सर्व बदलांना सारखेच लेखतो. कर्जाचा बोजा कमी झाला तरी तो पुढे सरकतो, मालक बदलला तरीही. आणि खातेदार मरण पावूनही वारसांनी वर्दीच दिली नाही, तर तो जागचा हलत नाही.