राजाची खुर्ची, सुताराचें नांव

फ्रान्सच्या राजवाड्यांतील खुर्च्यांची कीर्ति जगभर आहे. पण त्या घडविल्या कोणीं? एकाच खुर्चीसाठीं सांगाडा करणारा, नक्षी कोरणारा, सोन्याचा वर्ख चढविणारा आणि गादी बसविणारा असे निरनिराळे कारागीर राबत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या सुतारसंघाच्या नियमानें उस्तादास आपल्या नांवाचा ठसा लाकडावर उमटवावा लागे. बर्गंडींत १७३९ सालीं जन्मलेला झॉर्ज झाकोब १७६५ सालीं उस्ताद झाला. राणी मारी आंत्वानेतसाठीं त्यानें खुर्च्या केल्या. १७९३ सालीं राणीचा शिरच्छेद झाला. झाकोबनें क्रांतिकारकांच्या सभागृहासाठींहि सामान घडविलें. सिंहासन गेलें, ठसा राहिला. आमच्या समुद्रपुराकडील सुतारांनीं बैलगाड्या, तिफणी, पाळणे केले. त्यांवर कोणाचें नांव नाहीं. तें आपणच विचारून लिहून ठेवावें.