दुरुस्तीवाल्याची किल्ली

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हॅक्स संगणक विकत घेतला की त्याच्या व्हीएमएस प्रणालीत काही खाती आधीपासूनच उघडलेली असत. त्यांतलं एक ‘फील्ड’, पासवर्ड ‘सर्व्हिस’. यंत्र बिघडल्यावर कंपनीच्या तंत्रज्ञाला आत शिरता यावं, एवढ्यासाठी ही सोय. मालकाला त्या खात्याची गरज नव्हती, त्यामुळे त्याचा पासवर्ड बदलायची आठवणही राहत नसे. घरातल्या कॅमेऱ्याबरोबर, राउटरबरोबर आज जो ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ येतो, त्याचा पूर्वज मला या दुरुस्तीवाल्याच्या किल्लीत दिसतो.

संगणकात पासवर्ड आला तो मात्र नेमक्या उलट कारणाने. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था उभी केली. तिथे प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड. तो एका माणसाचा असे. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणाचाच नसतो, आणि त्या मॉडेलच्या सगळ्या यंत्रांना तोच लागतो.

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल संगणक-वापराच्या हिशेबातला ७५ सेंटचा फरक शोधत होते. माग काढता काढता ते पश्चिम जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत पोचले. तो अमेरिकेतले लष्करी संगणक चाचपत होता आणि काही ठिकाणी त्याला हीच न बदललेली खाती सापडली होती.

तरी दोष वापरणाऱ्याच्याच माथी राहिला. त्याआधीच, १९७९मध्ये, रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले ८६ टक्के फार छोटे, साधे किंवा शब्दकोशातले निघाले. नऊ वर्षांनी याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेल्या इंटरनेट-किड्याने इतर वाटांबरोबर असेच सोपे पासवर्ड ताडून पाहिले. माणसं आळशी असतात, असा धडा सगळ्यांनी घेतला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कारखान्याने स्वतः ठरवलेल्या पासवर्डबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

त्याची किंमत २०१६मध्ये मोजावी लागली. ‘मिराय’ हा प्रोग्राम इंटरनेटवर टेलनेटची, म्हणजे यंत्रात दुरून शिरायच्या जुन्या सोयीची, उघडी दारं शोधायचा आणि कारखान्यातल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून पाहायचा. एवढ्या बळावर एका टप्प्यावर सुमारे ६ लाख कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर त्याच्या ताब्यात होते. सप्टेंबरमध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला ६२० गिगाबिटांचा लोंढा आला. अकामाई कंपनी त्यांना विनामूल्य संरक्षण देत होती. खर्च आवाक्याबाहेर गेला तेव्हा तिने हात आखडता घेतला. मग मिरायचा सोर्स कोड उघड झाला, आणि २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देण्याची सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं कित्येकांना उघडेनात. मिराय लिहिणारे तिघे जेमतेम विशीतले होते.

मला सर्वांत जास्त खुपतो तो त्यातला एक तपशील. काही कॅमेऱ्यांत मालकाने वेब-पानावरून पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा पासवर्ड तसाच राही, कारण तो फर्मवेअरमध्येच कोरलेला होता. कॅमेरा बंद करून चालू केला की मेमरीतला मिराय पुसला जाई. दार उघडंच असल्याने थोड्या वेळात पुन्हा शिरे. मालक जागरूक असूनही त्याच्या हाती काही नव्हतं. अशा वेळी ‘पासवर्ड बदला’ हा सल्ला देणं म्हणजे निर्मात्याची जबाबदारी ग्राहकावर ढकलणं.

कायद्याला हे पटायला वेळ लागला. कॅलिफोर्नियाने २०१८मध्ये कायदा केला, तो १ जानेवारी २०२०पासून लागू झाला: प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड द्या, नाहीतर पहिल्याच वापरात तो बदलायला लावा. ब्रिटनचा असाच नियम २९ एप्रिल २०२४पासून आला. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षा-चाचणी २०२५पासून सक्तीची झाली. आधीच भिंतीवर चढलेले कॅमेरे मात्र जुन्याच पासवर्डांसह चालू आहेत.

दरम्यान दुरुस्तीवालाही बदलला. आता तो येत नाही, दुरून आत असतो. छोट्या बँका, दवाखाने, कारखाने संगणकांची देखभाल आणि पहारा बाहेरच्या कंपनीकडे सोपवतात. स्वतःची चोवीस तासांची माणसं ठेवणं परवडत नाही, हे खरंच आहे. पण २ जुलै २०२१ रोजी अशा देखभाल कंपन्या वापरत असलेल्या कासेया कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून खंडणीखोर शिरले. कंपनीच्याच अंदाजानुसार ८०० ते १,५०० व्यवसायांना फटका बसला. स्वीडनमध्ये कोऑप साखळीची शेकडो दुकानं बंद राहिली, कारण गल्ल्यावरची यंत्रंच चालेनात. कोऑप स्वतः कासेयाची ग्राहक नव्हती. तिच्या पुरवठादारामार्फत ते सॉफ्टवेअर तिथवर पोचलं होतं.

म्हणून पहारा विकत घेणाऱ्याने दरपत्रकाआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात, असं मी आग्रहाने म्हणेन. सेवा देणाऱ्याची कोणती माणसं कोणत्या खात्याने आमच्या यंत्रात शिरतात, प्रत्येकाचं खातं वेगळं आहे का, त्यांनी केलेल्या कामाची नोंद आमच्याकडे राहते का, नोकरी सोडलेल्याचं खातं किती तासांत बंद होतं, आणि करार संपल्या दिवशी ही सगळी खाती कोण बंद करणार.