उजेडाचा इतिहास आणि आपली रात्र

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाच्या बैठकीत मूर्ती, वर्गणी आणि रोषणाई हे तीन विषय ठरलेले असतात. मूर्ती मातीची असावी यावर आता बहुतेकांचे एकमत आहे. वर्गणीचा प्रश्न दरवर्षी थोडी कुरकुर होऊन सुटतो. रोषणाईबाबत मात्र आम्ही फारसा विचार करत नाही. गेल्या वर्षीपेक्षा चार दिवे जास्त लागले की ती चांगली झाली असे समजतो. यंदाच्या स्मरणिकेत या उजेडाचाच थोडा इतिहास मांडावा असे आम्हांला वाटले, कारण त्यात आपल्या गावाचा इतिहास आहे आणि आपल्या झोपेचा व डोळ्यांचाही प्रश्न आहे.

नेपानगरचे वय तसे लहानच. शेजारचे बऱ्हाणपूर फारुकी सुलतानांनी वसवले, मोगलांनी वाढवले. तिथल्या कुंडी भंडाऱ्याचे भूमिगत पाट १६१५ च्या सुमारास बांधले गेले. जमिनीखालून वाहणाऱ्या त्या पाण्यावर ओळीने उभ्या विहिरी काढल्या आहेत. त्यांतून वारा आणि उजेड खाली उतरतो. कोणताही दिवा न लावता दिवसाचा प्रकाश हवा तिथे कसा न्यावा याचा हा आपल्या परिसरातला उत्तम धडा. जुने वाडे बांधणाऱ्यांनाही ही जाण होती. मधला चौक, माजघरात उजेड पाडणारा झरोका आणि भर दुपारी डोळ्यांना थंडावा देणारी ओसरी यांमागे दिवसाचा प्रकाश घरात घ्यावा, पण त्याचा चटका बाहेर ठेवावा हा हिशेब होता.

रात्रीचा हिशेब वेगळा होता. करंजी, जवस, एरंडी यांचे तेल पणतीत किंवा समईत जळायचे. तेल महाग, म्हणून उजेड मोजका. दिवेलागण झाली की शुभंकरोती, मग जेवण, मग निजानीज. देवळापुढच्या दीपमाळा पेटायच्या त्या त्रिपुरी पौर्णिमेसारख्या ठरावीक दिवशी. मिरवणुकीला मशाल आणि हिलाल, खंडोबाच्या जागराला दिवटी. आषाढात दिव्यांच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासूनपुसून त्यांची पूजा होई, तर कोजागिरीला चंद्राचाच उजेड पुरे मानला जाई. संकष्टीला चंद्रोदय पाहूनच उपास सुटे. आपल्या पंचांगात उजेडाला आणि अंधाराला अशी आपापली जागा होती.

म्हणून तो काळ सुखाचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. चिमणीच्या धुराने घराचे आढे काळे होई, डोळे चुरचुरत, पदर पेटून बायका भाजत. अंधारात साप-विंचू दिसत नसे. उजेड मिळवण्याची माणसाची धडपड खरी गरजेतून आली होती आणि ज्याने ती गरज भागवली त्याचे आम्ही ऋणी आहोत.

एकोणिसाव्या शतकात रॉकेल आले. त्याला आपल्याकडे घासलेट म्हणतात, ते इंग्रजी ‘गॅसलाइट’ या शब्दाचे मराठी रूप. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. १८८२ मध्ये तिथल्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे आले. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ मध्ये गॅसच्या दिव्याची जाळी शोधून काढली. तीच पुढे पेट्रोमॅक्सच्या बत्तीत बसली आणि लग्न, तमाशा, कीर्तन, गणपती सारे तिच्या फुसफुसणाऱ्या पांढऱ्या उजेडात होऊ लागले. १८९३ पासून लोकमान्यांनी ज्या सार्वजनिक उत्सवाला बळ दिले, त्याचे मेळे आणि व्याख्याने लहान गावांत कित्येक दशके अशाच बत्त्यांखाली पार पडली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये ओगले काच कारखाना उभा राहिला आणि त्याचा प्रभाकर कंदील घराघरात पोहोचला. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि रात्रीही यंत्रे फिरवणे सोपे झाले.

आपले नेपानगर या शेवटच्या टप्प्याचे अपत्य. १९४७ मध्ये खासगी उद्योग म्हणून इथल्या कागद कारखान्याची सुरुवात झाली. १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने तो हाती घेतला. तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर होती. नागपूर-अमरावतीचा माणूस नेपानगरात आला तेव्हा तो आपल्याच राज्यातून आपल्याच राज्यात आला होता. खानदेश तर भुसावळच्या रेल्वेने आणखीच जवळ. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ एका राज्यात गेला आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. इथे मराठी बोलणारी इतकी घरे कशी, असे नवी पिढी विचारते तेव्हा त्याचे उत्तर या तारखांमध्ये आहे.

कारखान्याला वीज हवी होती, म्हणून शेजारच्या चांदनी येथे कोळशावर चालणारे वीजघर उभे राहिले. नावही कसे जुळून आले पाहा. ज्या गावाच्या नावात चंद्रप्रकाश आहे, त्याच गावाने आपल्याला कृत्रिम प्रकाश दिला. आजूबाजूची खेडी कंदिलावर असताना सातपुड्याच्या पायथ्याशी एक वसाहत विजेने उजळली. तो उजेड प्रगतीची खूण होता. मुले दिव्याखाली अभ्यास करत आणि सकाळी जे वर्तमानपत्र हाती पडे त्याचा कागद याच गावात तयार झालेला असू शके, याचा अभिमान आमच्या आधीच्या पिढीने बाळगला. तो रास्तच होता.

त्या कागदाचेही प्रकाशाशी एक नाते आहे. सुरुवातीला इथला वृत्तपत्राचा कागद साळईच्या लाकडापासून आणि बांबूपासून होत असे. वृत्तपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन बरेचसे तसेच राहते. उजेड आणि हवा लागली की त्यात बदल होतो आणि कागद पिवळा पडतो. जुने अंक उन्हात ठेवू नयेत हे कागदाच्या गावाला कोणी शिकवायला नको. कागदावर उजेडाचा परिणाम होतो हे आम्ही पहिल्यापासून जाणतो. तो माणसावरही होतो, हे विज्ञानाला नीट कळायला मात्र बराच काळ लागला.

कागदाचे यंत्र सुरू झाले की ते थांबवणे परवडत नाही, म्हणून कागद कारखाना जगात कुठेही असो, तिथे पाळ्या आल्याच. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी खिडकीवर जाड चादर लावून झोपतो, घरातली मुले दबक्या आवाजात खेळतात, हे दृश्य पाळीच्या कामावर जगणाऱ्या प्रत्येक वसाहतीच्या ओळखीचे आहे. दिवसाची झोप पुरी का होत नाही, अंग मोडल्यासारखे का वाटते, जेवण का पचत नाही, याचे उत्तर जुन्या लोकांकडे होते ते एवढेच की रात्र ती रात्र.

आता त्यामागची यंत्रणा उलगडली आहे. आपल्या शरीरात सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ चालते. ते पेशींच्या पातळीवर कसे चालते हे दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. हे घड्याळ रोज लावले जाते ते उजेडाने. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी आहेत. त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये सिद्ध झाले. वस्तूचे बारकावे टिपणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. बाहेर दिवस आहे की रात्र हे त्या मेंदूला कळवतात आणि निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. अंधार पडला की मेंदूतल्या एका लहान ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. रात्री डोळ्यांवर निळसर पांढरा प्रकाश पडत राहिला तर मेंदूला अजून दिवसच वाटतो, मेलाटोनिन कमी होते आणि झोप लांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला आणि २०१९ मध्ये पुन्हा रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगास कारण’ या गटात ठेवले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असा नाही. पण रात्रीचा उजेड शरीराच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

दिवे बदलत गेले तसा उजेडाचा रंगही बदलला. पणती, कंदील आणि पिवळा बल्ब यांच्या प्रकाशात निळा भाग थोडा. मग ट्यूबलाइट आली, रस्त्यावर मर्क्युरी आणि नंतर सोडियमचे नारिंगी दिवे आले. निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले, कारण त्यामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला. २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना आली आणि कमी विजेवर जास्त उजेड देणारे बल्ब घरोघरी गेले. बिल उतरले, हा मोठाच लाभ. पण स्वस्त झालेली वस्तू माणूस जास्त वापरतो. एक बल्ब होता तिथे चार आले, अंगणात रात्रभर जळणारा झोत आला आणि दुधाळ पांढरा उजेड म्हणजेच चांगला उजेड अशी समजूत रुजली.

याची किंमत आपल्याबरोबर मुके जीवही मोजतात. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग रात्रभर थकून मरतात आणि रात्री फुलणाऱ्या अनेक फुलांचे परागीभवन त्यांच्यावर अवलंबून असते. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या झाडांवर लुकलुकणारे काजवे आपल्या प्रकाशाने जोडीदाराला साद घालतात; मोठ्या दिव्यापुढे ती साद बुडून जाते. कोकणच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघालेली कासवाची पिले उजळ क्षितिजाकडे धावतात. ते क्षितिज समुद्राचे नसून हॉटेलाचे असेल तर ती वाट चुकतात. आमच्या वसाहतीला तर जंगल लागूनच आहे.

यावर उपाय अवघड नाही आणि तो विदर्भात करूनही दाखवला गेला आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर सार्वजनिक दिवे बदलून प्रकाश फक्त खाली पडेल असे केले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. उजेड रस्त्यावर पडला आणि आभाळ ताऱ्यांसाठी मोकळे राहिले.

आणि आता आपल्या उत्सवाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत मिरवणुकीत लेसरचे झोत आले. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण आले. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. लेसरचे किरण पसरत नाहीत. डोळ्याचे भिंग ते पडद्याच्या एका बिंदूवर आणून सोडते. तिथे भाजते, पण दुखत नाही, म्हणून नाचणाऱ्या पोराला कळतही नाही. भाजलेला पडदा पुन्हा उगवत नाही. बाप्पाला निरोप द्यायला गेलेल्या मुलाने दृष्टी गमावून घरी यावे, यापेक्षा उत्सवाचा मोठा पराभव कोणता?

गावाने अंधारही पाहिला आहे. २०१६ पासून २०२२ पर्यंत नूतनीकरणासाठी कारखान्याचे उत्पादन थांबले होते. त्या सहा वर्षांत दिवा लागण्याचे मोल आम्हांला पुन्हा कळले. त्यामुळे रोषणाई नको असे आम्ही म्हणणार नाही. मंडपाचे दिवे पिवळसर, म्हणजे खोक्यावर ३००० केल्विन किंवा त्याहून कमी लिहिलेले आणावेत. त्यांना वरून झाकण असावे आणि प्रकाश खाली पडावा. झाडांच्या फांद्यांना माळा गुंडाळू नयेत. शेवटच्या कार्यक्रमानंतर समई ठेवून बाकी दिवे मालवावेत, म्हणजे पाळीवरून आलेल्याला आणि सकाळी शाळेला जाणाऱ्याला झोप मिळेल. लेसर तर मिरवणुकीच्या वाटेवर फिरकूही देऊ नये. एवढे केले तर खर्च वाढणार नाही, उलट थोडा वाचेल. वाचलेल्या पैशातून तापीकाठी विसर्जनाला जाणाऱ्यांसाठी वाटेवर चार नीट दिवे लावता येतील, जिथे उजेडाची खरी गरज आहे.

गणपती बाप्पा मोरया!