सोलापूर रस्त्यावरची मलमपट्टी

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की शहर सोडता सोडता हडपसर लागतं. सायरस पूनावाला यांनी 1966 साली इथं सिरम इन्स्टिट्यूट उभी केली, ती घोड्यांच्या भरवशावर. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून बाद झालेले घोडे त्याआधी मुंबईच्या हाफकिन संस्थेत जात. घोड्याला धनुर्वाताचं विष बेताबेतानं टोचायचं, रक्तात प्रतिविष तयार झालं की त्यातून सिरम वेगळं काढायचं, असा तो उद्योग. तोच हडपसरात सुरू झाला.

धनुर्वात टळला तरी जखम भरून यावी लागतेच. हडपसरच्या माळवाडीत महाराष्ट्र आरोग्य मंडळाचं साने गुरुजी रुग्णालय आहे आणि आयुर्वेद महाविद्यालयही. व्रणावर, म्हणजे जखमेवर, सुश्रुतानं सांगितलेले साठ उपक्रम तिथल्या विद्यार्थ्यांना शिकावे लागतात. जखमेवर मध-तूप लावणं सुश्रुताला चांगलंच ठाऊक होतं. पण ग्रंथातला मध आजच्या वॉर्डात उपयोगी पडतो का, याची पारख झाली ती याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक असलेल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन गट केले. 52 जणांना पोळ्यातून काढलेला, प्रक्रिया न केलेला मध. उरलेल्या 52 जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे नेहमीचं मलम. निष्कर्ष 1991 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आले. मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या होत्या, मलमाच्या गटात जेमतेम 7 टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमांचं प्रमाण 87 टक्के विरुद्ध 10 टक्के.

यात जादू काही नव्हती. मधातली दाट साखर जंतूंचं पाणी शोषून घेते, त्याचा आंबटपणा त्यांना मानवत नाही आणि मधातलं एक विकर जखमेच्या ओलाव्यात थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत राहतं.

मुंबईत वाडिया बाल रुग्णालयाचे डॉ. एम. एच. केसवानी भाजल्या जागी बटाट्याच्या सालींची पट्टी बांधत. त्यावरचा त्यांचा लेख 1985 सालचा. स्वस्तातला उपाय, साल जखमेला चिकटत नाही, ओलही टिकते. सुब्रह्मण्यम यांनी 1996 मध्ये मधाची गाठ थेट या सालींशी घातली, आणि मध सरस ठरला.

त्याच वर्षी त्यांनी मधात जीवनसत्त्व ई, जीवनसत्त्व क आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळून पाहिलं. भाजलेल्या ऊतींत मुक्त मूलकं उसळतात आणि पेशींच्या स्निग्ध आवरणाची नासधूस करतात. जीवनसत्त्व ई त्याच आवरणात राहून ही साखळी तोडतं. तसं करताना खर्ची पडलेल्या ई-ला क पुन्हा कामाला लावतं. असं बळ दिलेल्या मधानं जखमा साध्या मधापेक्षा लवकर भरल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जीवनसत्त्व ई 1922 मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करताना सापडलं. 1936 मध्ये ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळं काढण्यात आलं. सोलापूर भागात ज्वारीच्या रानात जिचे पट्टे घेतात, त्या करडईच्या तेलातही ते भरपूर असतं.

पुढं त्याची हिरवी कॅप्सूल मेडिकलच्या दुकानात आली आणि टाचणीनं फोडून व्रणावर चोळली जाऊ लागली. मायामीतल्या बाउमन आणि स्पेन्सर यांनी 1999 मध्ये शस्त्रक्रियेचे व्रण तपासले, तेव्हा ई लावून बहुतेकांना फरक पडला नव्हता, उलट काहींचे व्रण बिघडले होते. तिघांपैकी एकाच्या त्वचेवर दाह उठला होता.

त्याच वर्षी सोलापूरच्या सुब्रह्मण्यम यांनी स्वतःच्या मधाविरुद्ध कौल दिला. मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत मेलेली त्वचा लवकर काढून नवी त्वचा बसवणं हे मधाच्या पट्टीपेक्षा चांगलं, असा निष्कर्ष त्यांनी ‘बर्न्स’ या नियतकालिकात मांडला.

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यानं मधाची जागा ठरवून दिली: त्वचेचा पूर्ण थर न जळालेल्या भाजण्यात तो नेहमीच्या मलमपट्टीपेक्षा चार-पाच दिवस आधी जखम भरतो, इतर बऱ्याच जखमांत मात्र पुरावा तोकडा आहे. शिवाय स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठी विकला जाणारा मध म्हणूनच गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तापवला तर त्यातलं विकर निकामी होतं.