होलोग्राफिक डेटा स्टोरेज : घरचे जुने दस्त प्रकाशाने जपता येतील का?

मतदार ओळखपत्रावर, एटीएम कार्डावर चमकणारं स्टिकर असतं. कार्ड थोडं तिरकं केलं की आतलं चित्र बदलतं. हाच होलोग्राम. एकाच जागेत अनेक चित्रं, आणि कोन बदलला की वेगळं चित्र. या गुणाचा वापर करून पुस्तकं, फोटो, सिनेमे असा डेटाही साठवता येतो. त्यालाच होलोग्राफिक डेटा स्टोरेज म्हणतात.

डीव्हीडीत माहिती पातळ थरावर बारीक खुणांच्या ओळीत असते आणि लेझर ती एकेक करून वाचतो. एका थरात ४.७ जीबी मावतात. होलोग्राफिक पद्धतीत पदार्थाची पूर्ण जाडी वापरली जाते. लेझरच्या किरणाचे दोन भाग करतात. एक भाग शतरंजच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या पडद्यातून जातो, हे चौकोन म्हणजे डेटाचे शून्य आणि एक. दुसरा भाग साधाच येतो. दोन्ही किरण खास प्लास्टिकमध्ये किंवा स्फटिकात भेटतात आणि तिथे जी नक्षी उमटते, तेच लिखाण. एका फटक्यात लाखो चौकोनांचं अख्खं पान लिहून होतं. साध्या किरणाचा कोन किंचित बदलला की त्याच जागी दुसरं पान. वाचताना तोच साधा किरण त्याच कोनातून सोडायचा, पान कॅमेऱ्यावर उमटतं.

होलोग्राफीची कल्पना डेनिस गाबोर यांची, १९४७ सालची. त्यासाठी त्यांना १९७१ मध्ये नोबेल मिळालं. डेटा साठवण्याचा विचार १९६३ मध्ये पोलरॉइड कंपनीच्या पीटर व्हॅन हीर्डन यांनी मांडला. (प्रकाशाचा विषय निघाला की आपल्याकडे इब्न अल-हैथम यांचं नाव येतंच. प्रकाशशास्त्राचा पाया घालण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, पण होलोग्राम त्यांचा नाही. ओढून-ताणून श्रेय लावण्याची त्यांना गरजही नाही.)

मग साठ वर्षांत हे दुकानात का आलं नाही? अमेरिकेतल्या बेल लॅब्समधून २००० मध्ये इनफेज नावाची कंपनी निघाली. ३०० जीबीची एक डिस्क, ५० वर्षं टिकणार, असं तिचं सांगणं होतं. पण तारखा पुढे-पुढे जात राहिल्या. तोवर हार्ड डिस्क आणि टेप स्वस्त होत गेल्या, आणि २०११ मध्ये इनफेजने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचं तंत्र अकोनिया कंपनीकडे गेलं, ती चष्म्याच्या काचांकडे वळली आणि २०१८ मध्ये अ‍ॅपलने तिला विकत घेतलं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने क्लाउडसाठी, पुन्हा-पुन्हा लिहिता येईल अशा होलोग्राफिक साठवणीवरचं संशोधन जाहीर केलं. त्यांचा काचेवर लिहिण्याचा ‘सिलिका’ प्रकल्प वेगळा, तो होलोग्राफिक नाही. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

उपयोग कुठे? जिथे एकदा ठेवायचं आणि वर्षानुवर्षं जपायचं तिथे. हॉस्पिटलचे स्कॅन, सिनेमांच्या मूळ प्रती, सरकारी दप्तरं. डिस्क कपाटात पडून असताना वीज लागत नाही. एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकारात नंतर गुपचूप फेरफार करणं कठीण, आणि जमिनीच्या कागदांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दुसरा उपयोग शोधाचा. हवं ते पान प्रकाशात दाखवलं की मिळतं-जुळतं पान कुठे आहे ते साठ्यातूनच कळतं, एकेक फाइल उघडावी लागत नाही.

आपल्याला हे महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की मराठवाड्यातल्या कित्येक घरांत आणि दर्ग्यांत निजामकाळातले मुंतखब, सनदा, वक्फनामे ट्रंकेत पडलेले आहेत. काही फारसीत, काही उर्दूत, काही मोडीत. वाळवी आणि ओल कोणत्याही संशोधनासाठी थांबत नाही. शिवाय डिस्क ५० वर्षं टिकली तरी ती वाचणारं मशीन तितकी वर्षं मिळायला हवं. इनफेजचं मशीनच बाजारात रुळलं नाही, मग नुसती डिस्क काय कामाची? जुन्या मायक्रोफिल्मचं बरं आहे, भिंग आणि दिवा असला की वाचता येते.

तेव्हा होलोग्राफिक डिस्कची वाट पाहू नका. अस्सल कागद लॅमिनेट न करता कोरड्या जागी ठेवा. चांगलं स्कॅन करून पीडीएफच्या दोन-तीन प्रती काढा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे द्या. निव्वळ पेन ड्राइव्हवर भिस्त नको, वर्षानुवर्षं न लावता ठेवला तर त्यातला डेटा उडू शकतो. दर चार-पाच वर्षांनी सगळं नव्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि फाइलच्या नावात गाव, गट नंबर आणि साल लिहा.