घरच्या चुलीवरची गोळी

इंदापूरच्या रणात मालोजीराजे भोसले पडले आणि कऱ्हेकाठच्या बारामतीत मोरोपंतांनी आपल्या आर्या रचिल्या, ह्या दोन गोष्टी आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असतात. लढाई म्हटली की आपणांस तलवार, घोडा आणि किल्ला आठवतो. बंदूक त्यामागून आठवते. आणि त्या बंदुकीत घालावयाची गोळी कोठून आली, हे बहुधा कोणीच विचारीत नाही. आज तेवढाच प्रश्न मी घेतला आहे.

प्रथम आपली भूमी पाहा. भीमा, नीरा आणि कऱ्हा ह्यांच्या काठी वर काळी माती, खाली काळा पाषाण. ह्या पाषाणात शिशाची खाण नाही. मेवाडात जावर येथे होत्या, पण त्या दूर, आणि परक्याच्या हाती. आपल्याकडे येणारे शिसे बव्हंशी बंदरांत उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढे. सन १६७३ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ८० तोफा आणि आपल्या साऱ्या तोड्याच्या बंदुकांस पुरेल इतके शिसे विकत घेतले, असे ऑर्म हा इंग्रज इतिहासकार लिहितो. तोफांचा आकडा आपण लक्षात ठेवतो, शिशाचा उल्लेख मात्र सोडून देतो. खरे पाहता तोफ एकदा घेतली की पुष्कळ वर्षे चाले. शिसे दर लढाईत खर्ची पडे.

शिशाचा एक मोठा गुण असा की, ते साध्या लाकडाच्या जाळावर वितळते. लोखंडास भट्टी आणि भाता लागतो. शिसे ३२७ अंशांवर पातळ होते. म्हणून तोफेचा गोळा कारखान्यात होई, आणि बंदुकीची गोळी चुलीवर, कढईत, पळीने ओतता येई. त्यातून हाताने घडविलेल्या दोन बंदुकांच्या नळ्या एका मापाच्या क्वचितच असत. तेव्हा ज्याची बंदूक त्याचा साचा. सांडशीसारखी दोन पाळी, त्यांत अर्धी अर्धी खळगी आणि वर रस ओतावयाचे तोंड, एवढेच ते हत्यार.

परंतु हे काम दिसते तितके सोपे नाही. पहिल्या चार-पाच गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा थंड असतो. रस खळगी भरण्यापूर्वीच गोठू लागतो. साच्यास तेलाचा अंश राहिला तरी तसेच होते. म्हणून जुने कारागीर खळगीस दिव्याची काजळी धरीत, म्हणजे रस सहज पसरे. उलट गोळी भुरकट, दव गोठल्यासारखी खरबरीत दिसली तर रस किंवा साचा फाजील तापला आहे असे समजावे. मध्यावर धारदार कड आली तर दोन पाळ्यांमध्ये काही अडकले आहे. रस लापशीसारखा दाट झाला तर त्यात जस्त मिसळले असल्याचा संशय घ्यावा. आणि ओली पळी कढईत बुडविली तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस तोंडावर उडतो. तो दोष गोळीचा नव्हे, ओतणाऱ्याच्या बेपर्वाईचा. ह्या कामाचा धूर आणि धूळही विषारीच. पूर्वीच्यांस ते किती उमगले होते कोण जाणे. आज तरी कोणी हौसेने हा उद्योग करू नये.

सर्वांत कपटी दोष मात्र डोळ्यांस दिसत नाही. शिसे थिजताना आकसते. बाहेरचे कवच आधी घट्ट होते आणि आत, विशेषतः तोंडाजवळ, पोकळी राहते. म्हणून तोंडावर रसाचा थोडा ढीग राहू द्यावा लागतो, म्हणजे आतली तूट तो भरून काढतो. अशी पोकळ गोळी बाहेरून गुळगुळीत, देखणीसुद्धा असते! तिला पकडावयाचे तर तराजू हवा. १५ मिलिमीटर व्यासाची शुद्ध शिशाची भरीव गोळी सुमारे २० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पावणेदोन तोळ्यांच्या आसपास भरते. हलकी भरली की कढईत परत. नाहीतर तिचा भार एका अंगास राहून ती वाट सोडून जाते. जाड झालेली गोळी याहून घातकी. ती नळीत अर्ध्यावर अडकली आणि दारूवर जाऊन बसली नाही, तर नळीच फुटण्याचा संभव असे.

ह्या विद्येत एक काटकसरही होती. वितळलेल्या शिशावर राखाडी साय धरते. अडाणी माणूस ती काढून फेकतो. जाणता तीत मेण किंवा चरबी टाकून ढवळतो, त्यामुळे सायीतले बरेच शिसे पुन्हा रसात उतरते. ज्यांस शिसे समुद्रापलीकडून येई, त्यांस ही साय फेकणे परवडणारे नव्हते.

आता माझे मत सांगतो. ज्याची गोळी त्याने ओतावी, ही व्यवस्था फिरत्या टोळीस सोयीची होती. शिसे आणि साचा थैलीत असला की कोठीवर अवलंबून राहणे नको. मोठ्या फौजेस मात्र तीच जड जाते. शेजारी पडलेल्या शिपायाच्या गोळ्या आपल्या बंदुकीत बसत नाहीत. इंग्रजांच्या पायदळी बंदुकीची नळी पाऊण इंचाची आणि गोळी सुमारे ०.६९ इंचाची. गोळी सैल, नेम बेताचा. पण एकच काडतूस सर्वांस चाले, आणि झटपट भरता येई. आपल्या पुढाऱ्यांस हे कळले नव्हते असे नाही. पानिपतावर, १७६१ साली, इब्राहिमखान गारद्याची कवायती पायदळे होती. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून पलटणी उभारविल्या आणि आग्र्यास बंदुकांचा कारखाना चालविला. तरीही गावोगावच्या शिलेदाराची आणि पागेची बंदूक जुन्याच तऱ्हेची राहिली. तिला दोष शौर्याचा नव्हता, मापाचा होता.

इंग्रजी अंमलात १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे बंद झाले, आणि चुलीवरची गोळीही तिच्याबरोबर गेली. शिसे ओतणे मात्र गेले नाही. इंदापूरच्या बाजूस उजनीच्या फुगवट्यात मासे धरणाऱ्यांच्या फेकजाळ्यास कडेने वजन लावावे लागते, आणि ते शिशाच्या मण्यांचे असले तर तेही असेच साच्यात ओतलेले असतात. साचा गार असला तर तेही सुरकुततात.